खालच्या ओळी

"सापडला का गं?" सासूने, साळूबाईंनी, पडवीतून तिसऱ्यांदा विचारलं.

रोहिणी पत्र्याच्या पेटीपुढे मांडी घालून बसली होती. मांडीवर दहा महिन्यांचा अमृत. दात येत होते म्हणून पोरगं चार दिवस धड झोपलं नव्हतं, आणि तीही नव्हती. एका हाताने ती त्याला थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने कागद उपसत होती. सात-बारा, सोसायटीची पासबुकं, गायींच्या विम्याचे फोटो. सगळ्यात खाली, कडक होऊन पिवळी पडलेली प्लास्टिकची पिशवी. तिच्यात दवाखान्याचे कागद, आणि त्यांतच तो रिपोर्ट. नाव भागवत छगन, वय एकोणतीस.

"सापडला, आत्याबाई."

"मंग नीट पुसून ठिव. पावनं आलं म्हंजी तूच वाच त्यांच्याम्होरं. तू शिकल्याली. तुज्यावर इस्वास बसंल."

पाहुणे पाथर्डीकडून अकराच्या सुमारास यायचे होते. साळूबाईंचा थोरला मुलगा भागवत आता अडतीसचा झाला होता. पहिली बायको सविता मूल होत नाही म्हणून माहेरी गेली, त्याला सात वर्षं झाली. सोडचिठ्ठीही झाली. आता हे दुसरं जमत आलं होतं. मुलगी पूजा, तिशीची, तीही एकदा नांदून परत आलेली. तिचे आईबाप कोयता घेऊन सांगलीकडे ऊसतोडीला गेलेले, म्हणून सगळं चुलते काकासाहेब बघत होते. ते फोनवर आडपडदा न ठेवता बोलले होते. पहिली मूल होईना म्हणून गेली म्हणता, तर दोष कोणाचा होता ते कागदावर दाखवा.

"बिनघोर या," नानांनी, म्हणजे रोहिणीच्या सासऱ्यांनी, तिकडून फोन ठेवायच्या आत सांगितलं होतं. "आमच्या पोराचा रिपोर्ट हाय घरात. चार कोटी हायेत, चार कोटी."

हा चार कोटींचा आकडा या घरात नऊ वर्षं राहत होता. लॅबच्या काउंटरवरच्या माणसाने कागद देताना म्हटलं होतं, "काउंट चार कोटी वीस लाख, नॉर्मल." कागद इंग्रजीत. नानांनी आकडा ऐकला, कागदाची घडी घातली आणि सगळे घरी आले. पुढचे दवाखाने मग सविताचे. नळ्यांत रंग सोडून काढलेले फोटो, गर्भपिशवी साफ केल्याच्या चिठ्ठ्या, कुठल्या कुठल्या झाडपाल्याच्या पुड्यांवरचे शिक्के. ते सगळं त्याच प्लास्टिकच्या पिशवीत होतं. रोहिणी लग्न होऊन कोल्हारच्या या वस्तीवर आली तेव्हा सविता जाऊन दोन वर्षं उलटली होती. चार कोटींबद्दल तिने बरंच ऐकलं होतं. कागद आज पहिल्यांदा हातात आला.

तिने तो खिडकीपाशी नेला. वर मोठ्या अक्षरात आकडा. खाली बारीक अक्षरात दोन ओळी. शुक्राणूंची हालचाल : शून्य टक्के. दुसऱ्या ओळीत, शेपट्या आखूड, गुंडाळलेल्या, कित्येकांना नाहीतच.

ते इंग्रजी शब्द तिला पाठ होते. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, ओंकारच्या रिपोर्टवर तेच होते. फक्त लॅब वेगळी होती.

ते दोघे गेले त्या नगरच्या सावेडीतल्या दवाखान्यात अश्विनी नावाची एक मुलगी होती, रोहिणीच्याच वयाची. काचेच्या खोलीत दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसायची. तिने कागदावर पेनाने एक ठिपका काढून दाखवला होता. "डोकं चांगलं आहे. शेपटी बिघडलेली आहे, म्हणून पोहत अंड्यापर्यंत जाता येत नाही. आपण एकेकाला उचलून बारीक सुईने थेट अंड्यात सोडायचं."

ओंकारने खाली बघत विचारलं होतं, "पण मेलेलेच असतील ना?"

"हलत नाही म्हणजे मेलं असं नसतं. त्यातले जिवंत कोणते ते शोधायचं, हेच तर माझं काम."

मोठ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, आईवडील नात्यातले का? ओंकारने सांगितलं, आई म्हणजे वडिलांच्या मामाचीच मुलगी. सख्खे भाऊ? एक, थोरला. त्यांना मुलं? ओंकारने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, त्याची बायको नांदत नाही. बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यांनाही एकदा घेऊन या." रोहिणीने ते ऐकलं होतं. ओंकारनेही.

परतताना राहुरीला चहाला थांबले तेव्हा ओंकार म्हणाला, "घरात कळायला नको. सेंटरवर रोज दोनशे माणसं दूध घालायला येतात माझ्याकडं." दूध संकलन केंद्र त्याचं होतं. सकाळ-संध्याकाळ लोक कॅन घेऊन त्याच्यापुढे रांगेत उभे असत. रोहिणीनेच मग म्हटलं, "माझ्या पिशवीला सूज आहे म्हणून सांगू." कोणी सांगायला लावलं नव्हतं. आपणहून घेतलं तिने ते अंगावर. पोटात सुया तिनेच टोचून घ्यायच्या होत्या, भूल तिलाच द्यायची होती, मग नावही तिचंच लागलं तर फार काय बिघडतं, असं तेव्हा वाटलं. पहिली खेप वाया गेली. दुसऱ्या खेपेला अमृत.

थोरल्या दिरांना कधी नेलं नाही. आज नेऊ, उद्या नेऊ. नेलं असतं तर एक धागा ओढला की सगळंच उसवलं असतं.

आणि एक गोष्ट तिने कोणालाच सांगितलेली नव्हती. अमृत सव्वा महिन्याचा झाल्यावर ती त्याला घेऊन भगवतीच्या देवळात गेली होती. पायऱ्यांवर एक बाई समोर आली. नीटनेटकी, अंगावर स्वतः शिवलेला वाटावा असा बरोबर मापाचा ब्लाउज. "मी सविता," ती म्हणाली. रोहिणीला नाव कळलं, आणि मेंदूने काही विचार करायच्या आत तिच्या हाताने बाळाची कुंची पुढे ओढून घेतली. बी.एस्सी. झालेल्या, सगळं माहीत असलेल्या बाईच्या हाताने. सविताने तो हात पाहिला. जागची हलली नाही. "लांबूनच बघते. गोड हाय," म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

खिडकीपाशी उभ्याउभ्याच रोहिणीने ओंकारला फोन लावला. तो सेंटरवरून आला तेव्हा अंगाला दुधाचा आंबूस वास येत होता. तिने कागद पुढे धरला. त्याने वाचायला वेळ घेतला नाही.

"तुमच्यासारखंच आहे," ती म्हणाली.

"नुसतं वरचं वाच. खालचं कोन विचारतंय."

"आणि ती पूजा?"

"नंतर नेऊ की त्यांना सावेडीला. गुपचूप. आपल्यासारखं."

"म्हणजे तिच्याही पिशवीला सूज."

ओंकारने दाराकडे पाहिलं. "तू आता सकाळी सकाळी सुरू करू नकोस. माझं नाव निघालं ना रोहिणी, तर मी उद्या सेंटरवर बसू शकणार न्हाई." हे तो रागाने नाही, अगदी दमून बोलला. बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर गेला.

पाहुणे मोटारसायकलवरून आले. काकासाहेब पांढऱ्या टोपीतले, बोलघेवडे. मागून पूजा उतरली. घर मुलीने स्वतः बघायचं, हा तिचाच हट्ट होता म्हणे. पाणी झालं, गोठा बघून झाला. भागवतने आठही गायी सकाळीच धुतल्या होत्या. त्याला कोणी काही विचारलं की तो गायींबद्दल उत्तर देई.

पूजा उठून सरळ स्वयंपाकघरात आली.

"आना, मी पोहे परतते. तुमी लेकराकडं बघा."

"राहू द्या, पाहुण्या आहात."

"पाहुनी कसली. वावरात वाढल्याली हाय मी." तिने झारा घेतला, मग तो ठेवून अमृतलाच उचललं. त्याने लगेच तिच्या मण्यांच्या माळेला हात घातला. "आरं, सावकार. किती वर्सांनी झाला वो?"

"चार."

"दवाखाना?"

"हो."

"पहिली कशी व्हती? तुमची जाऊ."

"माझ्या लग्नाआधीच गेल्या त्या."

"गेली का घालवली?" पूजाने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. बाजारात भाजीचा भाव विचारावा तसं. रोहिणी पोहे ढवळत राहिली. "न्हाई, इचारते. मी पन आल्याली हाय ना परत. माझा नवरा प्यायचा, मारायचा. आख्ख्या गावाला म्हाईत. तरी मी आले तर बाया म्हन्ल्या, हिच्यातच काई आसंल. आता दुसऱ्यांदा आले तर काय म्हन्तील ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हनून म्हन्लं काकाला, मला नवऱ्याचं तोंड दावू नका, घर दावा. घरातली बाई कशी बोलती ते बघते."

ती रोहिणीकडे बघत होती. रोहिणीने गॅस बंद केला.

"कागद वाचणार आहे मी," ती म्हणाली. "ऐका."

एवढंच तिच्याने बोलवलं.

पडवीत सतरंजीवर सगळे बसले. ओंकार दाराच्या चौकटीला टेकून उभा. रोहिणीने अमृतला मांडीवर घेतलं, कागद उलगडला. आधी नाव वाचलं, तारीख वाचली, मग आकडा.

"ऐकलं का?" नाना म्हणाले. "चार कोटी वीस लाख."

काकासाहेबांनी टोपी सारखी केली. "आख्ख्या नगर जिल्ह्यात एवढी मानसं नसत्याल, पाटील." सगळे हसले. साळूबाईसुद्धा पदराआड हसल्या. "मंग काय, इषय मिटला. च्या टाका."

आता कागदाची घडी घालायची होती. नऊ वर्षांपूर्वीही आकड्यापाशीच घातली होती. रोहिणीच्या हातून ती घालवेना आणि पुढचं वाचवेना. अमृतने कागदाचं टोक मुठीत धरून चुरगळलं. ओंकार खाकरला.

"खाली बी काईतरी लिव्हलंय," भागवत म्हणाला. तो सतरंजीच्या कडेला, अर्धा बाहेर बसला होता. "वाच की."

"बारीक अक्षर हाय, ऱ्हाऊ दे," ओंकार म्हणाला.

"तिला दिसतंय." भागवत कागदाकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता. गायीच्या डोळ्यांत ताप ओळखणारा माणूस तो. "वाच, रोहिणी."

पाच वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारलेली नव्हती.

तिने दोन्ही ओळी वाचल्या. इंग्रजीत. कोणाला काही कळलं नाही. नानांनी हात हलवला, म्हणजे सांग मराठीत. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. चाळीस वर्षं डेअरीला दूध घालणारा माणूस.

"नाना, वरचं ते लिटर आहे," ती म्हणाली. "फॅट खाली लिहिलीय."

"किती?"

"शून्य."

लिटर कितीही असो, फॅट शून्य निघाली की कॅन परत येतो, हे नानांना समजावून सांगायची गरज नव्हती. रोहिणी हळू आवाजात पुढचं बोलली. चार कोटी आहेत, पण एकालाही हलता येत नाही. शेपट्या नीट नाहीत. जन्मापासून तसंच असतं, कोणाच्या वागण्याने होत नाही. त्यावर उपाय आहे, पण औषधाने नाही. आपोआप मूल राहणं जवळजवळ अशक्य.

बाहेर एक गाय हंबरली. भागवत सवयीने उठू लागला आणि परत बसला.

"म्हंजी सविताचं..." साळूबाई म्हणाल्या.

"त्यांचे सगळे कागद ह्याच पिशवीत आहेत. मी बघितले सकाळी. सगळे नीट आहेत. त्यांच्यात काही नव्हतं."

काकासाहेब मघासारखे हसत नव्हते. "तुमाला एवढं बारीक कसं काय उमगतं, सूनबाई?"

"बी.एस्सी. आहे मी."

"व्हय. आन सख्ख्या भावाचं हे लेकरू..." त्यांनी अमृतकडे बोट केलं. वाईट मनाने नाही, हिशोब लागत नव्हता म्हणून.

दाराच्या चौकटीत काही हललं नाही. रोहिणीने तिकडे पाहिलं नाही. एक क्षण तिला वाटलं, तिथूनच उत्तर येईल. ते येण्याइतका वेळ तिने जाऊ दिला.

"माझ्यावर उपचार झाले," ती म्हणाली. "दोष माझ्यात होता."

ओंकार वळून अंगणात गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. तो नुसताच उभा असावा.

पाहुण्यांनी चहा घेतला. काकासाहेब सभ्य माणूस. विचार करून कळवतो म्हणाले. फाटकापाशी पूजा मागे राहिली.

"उपाय हाय म्हन्ल्या तुमी."

"आहे. नगरला. खर्चाचा आहे, त्रासाचा आहे. लागू पडेलच असंही नाही."

"त्रास कुनाला?"

"बाईलाच."

पूजा हसली. "ते इचारायचीच गरज नव्हती." मग म्हणाली, "तुमच्या घरातला मानूस भला हाय. तो थोरला. वाच म्हन्ला." आणि चुलत्याच्या मागे गाडीवर बसून गेली. ती काय ठरवणार, ते तिच्या पाठीवरून काही कळलं नाही.

साळूबाई मोरीत बसून धुतलेले कप परत धूत होत्या. रोहिणी अमृतला पाजायला भिंतीला टेकली.

"ओंकारचं बी त्येच ना?" साळूबाईंनी मान वर न करता विचारलं.

रोहिणीने अमृतला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"तीन वर्सं बायांना सांगत फिरले मी. सुनेच्या पिशवीला सूज हाय, लई दवाखाना करावा लागतोय. तू सांगू दिलंस." कप पालथा पडला. "मला मामाची म्हनून करून आनलं ह्या घरात. घरातली पोर घरात ऱ्हाती म्हन्ले. माज्याच पोटात व्हतं म्हन की मंग."

"कोणाच्या पोटात असं नसतं, आत्याबाई. दोघांचं मिळून असतं."

"दोघांचं." त्यांनी नळ बंद केला. "सविताला मी काय काय बोललीया, तुला म्हाईत न्हाई. बरं झालं न्हाई म्हाईत ते."

भागवत दारात उभा होता. अंगावर पाहुण्यांसाठी घातलेला इस्त्रीचा शर्ट तसाच. हातात तो कागद.

"ह्याच्या मागं मराठीत लिव्हून दे."

"काय लिहू?"

"तू सांगितलंस ते. तिला वाचता आलं पायजे." थोडं थांबून तो म्हणाला, "सविताचं नाव घाल. नुसतं बायको नको."

रोहिणीने अमृतला खांद्यावर टाकलं आणि कागद पेटीच्या झाकणावर पालथा ठेवला. भागवत छगन यांच्यात जन्मतः दोष आहे. सविता यांच्या सर्व तपासण्या व्यवस्थित होत्या. मूल न होण्याला त्या कारण नव्हत्या. तीन वाक्यं झाली. चौथं तिला स्वतःचं लिहायचं होतं, देवळाच्या पायऱ्यांवरच्या हाताबद्दल. पेन तसंच धरून ती थोडा वेळ बसली. पण कागद तिचा नव्हता. तिने तो त्याला दिला.

तो जेवला नाही. त्याच्या माजी सासुरवाडीला, देवळाली प्रवरेला, जाऊन यायला तासभर पुष्कळ. तो दुपारभर आला नाही. ओंकार दोनला आला, ताटावर बसला. जेवून झाल्यावर रोहिणीच्या मांडीवरून बाळ घेऊन बाजेवर आडवा झाला. पोरगं त्याच्या छातीवर झोपलं, चार दिवसांत पहिल्यांदा. तो छताकडे बघत होता. रोहिणीलाही तिथेच भिंतीशी डुलकी लागली.

जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि गोठ्यात बादल्यांचा आवाज येत होता. ती उठून गेली. भागवतने इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावला होता. बनियनवर तो पहिल्या गायीची कास धूत होता.

"भेटल्या?"

"व्हय."

"कागद?"

"तिच्याकडंच ऱ्हायला."

तिने पुढे विचारलं नसतं. तोच बोलला, कासेवरचं पाणी हाताने निपटत.

"तिनं दोनदा वाचला. भाऊ आला, तर त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला. मी उभाच व्हतो." त्याने बादली गुडघ्यांत धरली. "मंग सूर्याकडं बघितलं तिनं. म्हन्ली, धारंची येळ झाली तुमच्या, निघा आता."

पहिली धार बादलीच्या तळावर वाजली. रोहिणीने वासरू सोडून दुसऱ्या दावणीला नेलं आणि त्याचं तोंड धरून उभी राहिली.